पंचनामा हाच अर्ज

अतिवृष्टीच्या मदतीसाठी अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा आणि गोदावरीच्या काठच्या गावांत घरोघर विचारला गेला. पाणी ओसरले होते, काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजत होते. काही ठिकाणी तर शेतच उरले नव्हते. माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. अशा वेळी तहसील कचेरी, सेतू केंद्र, पुढाऱ्याचे घर अशा खेपा सुरू होतात. प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की महाराष्ट्रात पिकाच्या, घराच्या किंवा जनावराच्या नुकसानीबद्दल सरकारी मदत मिळवायला नेहमीच्या अर्थाने अर्ज करावा लागत नाही. गावात येऊन नुकसान पाहणे, ते लिहून घेणे आणि त्यानुसार मदत पोचवणे हे महसूल यंत्रणेचे काम आहे. त्या पाहणीचा कागद म्हणजे पंचनामा. पुढे जे मिळते किंवा हुकते, ते बहुतांशी या एका कागदावर ठरते. म्हणून नुकसान झालेल्या माणसाने पहिले लक्ष पंचनाम्याकडे द्यायला हवे, आणि सरकारने तो कागद त्याच्यापासून लांब ठेवणे थांबवायला हवे.

ही मदत कुणाच्या मेहेरबानीची नाही, हे आधी स्पष्ट असावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ ने आपद्ग्रस्तांना द्यायच्या मदतीचे किमान निकष ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकली आहे. जीवितहानी, घरांचे नुकसान आणि उपजीविकेची साधने पुन्हा उभी करणे यांसाठीचे सानुग्रह अनुदान त्यात येते. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडमृत्यूंच्या प्रकरणात हे कलम तपासले आणि असे अनुदान सुचवणे प्राधिकरणाला ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, असा निर्वाळा दिला. रक्कम किती असावी हे न्यायालयाने ठरवले नाही, पण ती ठरवण्याचे टाळता येणार नाही, हे सांगितले. पैशाची सोयही कायद्यानेच केलेली आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. हा निधी आपत्ती येण्याआधीच उभा असतो, त्यामुळे पहिल्या मदतीसाठी दिल्लीच्या पथकाची वाट पाहावी लागत नाही. पथक येते ते निधी अपुरा पडला आणि राष्ट्रीय निधीतून जादा रक्कम मागायची असली तर. पथक आले नाही म्हणून मदत थांबली, असे कुणी सांगितले तर ते पूर्ण खरे नसते.

आता मदत केव्हा लागू होते ते पाहू, कारण पहिली गळती इथेच होते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर राज्य सरकार त्याला अतिवृष्टी मानते. पीक किमान ३३ टक्के गेलेले असावे लागते. एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस मोजला जातो तो बहुधा एका ठिकाणच्या यंत्रावर. मराठवाड्याचा पाऊस कसा पडतो हे ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की ओढ्याच्या अलीकडचे शिवार बुडते आणि पलीकडे धूळ बसते. यंत्र कोरड्या बाजूला असले तर बुडालेल्या गावाची नोंद कागदावर येत नाही. शिवाय दोन-दोन आठवडे रोज थोडा थोडा पाऊस पडून मुळे सडतात, तेव्हा ६५ चा आकडा एकदाही गाठला जात नाही. ही अडचण मान्य करून राज्याने २०२३ मध्ये सततच्या पावसालाही आपत्ती मानायचे ठरवले, ते योग्यच झाले. पण एक गोष्ट गावपातळीवर अजून नीट पोचलेली नाही. नदीचा पूर ही केंद्राच्या यादीतली स्वतंत्र आपत्ती आहे. वरच्या धरणातून पाणी सुटले आणि आपल्या मंडळात पावसाचा थेंब पडलेला नसताना शेत बुडाले, तरी मदतीचा हक्क शाबूत राहतो. तिथे पावसाचा आकडा विचारण्याचे कारण नाही. ‘तुमच्या मंडळात अतिवृष्टी नाही’ असे उत्तर मिळालेल्या पूरग्रस्ताने नेमके हेच लेखी विचारावे.

किती मिळते? २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळपिकांना २२,५०० रुपये आहेत, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर अशा मापात असते, तेव्हा हिशेब सोपा आहे: कोरडवाहूला एका आराला ८५ रुपये. सोयाबीनचे बियाणे, खत, दोन फवारण्या आणि मळणीपर्यंतची मजुरी ज्याने स्वतःच्या खिशातून दिली आहे, त्याला हा आकडा काय वाटत असेल ते सांगायला नको. ही रक्कम नुकसानीची भरपाई म्हणून ठरवलेलीच नाही. पुढच्या पेरणीच्या खर्चाला हातभार एवढाच तिचा हेतू आहे. हे सरकारने उघड सांगायला हवे, कारण भरपाई या शब्दाने अपेक्षा वाढते आणि हातात पैसे पडल्यावर फसवणूक झाल्याची भावना होते.

राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून त्यात भर घालू शकते आणि घालतेही. महाराष्ट्राने जानेवारी २०२४ मध्ये हे दर वाढवून मर्यादा तीन हेक्टर केली होती, २०२५ च्या मे महिन्यात ती वाढ मागे घेतली, आणि सप्टेंबरच्या महापुरानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करून पुन्हा तीन हेक्टरांची मर्यादा आणली. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जोड दिल्याने कोरडवाहूला १८,५००, बागायतीला २७,००० आणि फळबागेला ३२,५०० असे दर झाले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख, आणि जमीन पुन्हा लागवडीयोग्य करण्याचे बाकीचे काम रोजगार हमीतून, असे ठरले. मदत वाढली याचे स्वागतच आहे. मात्र एका वर्षी एक दर, दुसऱ्या वर्षी दुसरा, आणि आंदोलन झाले की तिसरा, अशा पद्धतीत शेतकऱ्याला पुढच्या हंगामाचा अंदाज बांधता येत नाही. पॅकेजच्या मोठ्या आकड्यात रस्ते-पुलांची दुरुस्ती, विम्याचे अपेक्षित पैसे आणि रोजगार हमीची कामे हे सारे एकत्र धरलेले असते. खातेदाराच्या खात्यात किती येणार, हा आकडा वेगळा काढून सांगितला तर गावातला निम्मा संभ्रम मिटेल.

आता पंचनाम्याकडे वळू. तो करायला तलाठी (अलीकडच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी एकत्र यायचे असते. एकेका तलाठ्याकडे एकाहून अधिक सजे असतात, रस्ते वाहून गेलेले असतात, आणि वरून ‘दोन दिवसांत अहवाल द्या’ असा तगादा असतो. त्यामुळे बरेच पंचनामे बांधावरूनच होतात आणि काही तर चावडीत बसून. कर्मचाऱ्यांना दोष देऊन हे सुटणार नाही. पण ज्याचे शेत आहे त्याने त्या दिवशी हजर राहणे आणि काय लिहिले जाते ते पाहणे, हे त्याच्या हातात आहे. गट नंबर बरोबर आहे ना, बाधित क्षेत्र किती आर लिहिले, पीक कोणते लिहिले, नुकसानीची टक्केवारी किती धरली, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय सही करू नये. पीक कोणते हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ई-पीक पाहणीत नोंद नसेल किंवा मोसंबीच्या जागी पडीक लागले असेल, तर पुढे सगळे अडते. ई-पीक पाहणी २०२१ च्या खरिपापासून राज्यभर सुरू आहे. ती वेळेत करणे हे आपत्तीआधीच्या तयारीचे काम आहे, असे आता मानले पाहिजे.

फोटो आणि व्हिडिओ काढताना शेताची ओळख पटेल अशी एखादी खूण चौकटीत यावी: विहीर, विजेचा खांब, बांधावरचे झाड. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवावी. शेत धुण्याची, घर साफ करण्याची घाई सगळ्यांनाच असते आणि ती समजण्यासारखी आहे, चिखलात दिवस काढता येत नाहीत. मात्र भिजलेले धान्य, फुगलेले कपाट, बिघडलेली मोटर बाहेर टाकण्याआधी त्यांचे फोटो हवेत आणि शेजाऱ्याची साक्ष हवी. शेतात गाळ साचला असेल तर त्याची खोली मोजून घ्यावी, कारण गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये मिळतात ते थर किमान तीन इंचांचा असल्याचे प्रमाणित झाले तरच. वारा-पावसाने तो थर खाली बसला, किंवा ट्रॅक्टर फिरला, की मोजायला काही उरत नाही.

घरांच्या बाबतीत मराठवाड्यात एक वेगळाच प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद अशी घरे पावसात लगेच पडत नाहीत. भिंती आतून भिजतात, ऊन पडले की तडकतात आणि मग आठ-पंधरा दिवसांनी कोसळतात. तोवर गावचा पंचनामा पूर्ण होऊन यादी तालुक्याला गेलेली असते. अशा घरासाठी पुरवणी पंचनाम्याची मागणी तहसीलदारांकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये असे केंद्रीय दर आहेत. पूर्ण आणि अंशतः यांमधली ही दरी फार मोठी आहे. तीन भिंती पडून एक उभी राहिली तर ते घर राहण्याजोगे असते का? पण ती उभी भिंत एका कुटुंबाला लाखाहून जास्त रकमेला मुकवू शकते. घर राहण्यास योग्य आहे की नाही, हा निकष अभियंत्याने लेखी नोंदवायला हवा. नुसत्या नजरेच्या अंदाजावर ते सोडू नये.

जनावरांचा प्रश्न याहून अवघड आहे. दुधाळ गाय किंवा म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० असे दर आहेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि त्यासाठी शव लागते. दावणीला बांधलेली जनावरे पुराने दोर तोडून वाहून नेली, ती कुठे अडकली ते कळलेच नाही, अशा शेतकऱ्याने शव कुठून आणायचे? कानातला बिल्ला, लसीकरणाची नोंद, दूध डेअरीचे पुस्तक, गावकऱ्यांचा जबाब हे पुरावे ग्राह्य धरायचे असा स्पष्ट, कायमचा आदेश असायला हवा. डेअरीच्या पुस्तकात रोज सकाळ-संध्याकाळ लिटर लिहिले जात होते आणि पुराच्या दिवसापासून ते थांबले, यापेक्षा बोलका पुरावा दुसरा कोणता असेल? माणसाच्या मृत्यूबाबत वारसांना चार लाख मिळतात. तिथे शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, म्हणून दुःखाच्या त्या घटकेतही पोलीस पाटलाला कळवल्याशिवाय अंत्यविधी करू नये, असे जवळच्यांनी सांगणे आवश्यक असते.

पंचनामा झाला, याद्या वर गेल्या, निधी मंजूर झाला, तरी पैसे खात्यात येईपर्यंत आणखी एक टप्पा असतो आणि त्यात बरेच जण अडकतात. गावात विशिष्ट क्रमांकासह याद्या लागतात. तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचे, आधारवर अंगठा द्यायचा, माहिती बरोबर असल्याची खात्री करायची. माहिती चुकली असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते आणि ती तहसीलदाराकडे जाते. हे फार थोड्यांना माहीत असते. केंद्रचालक ‘हो’ म्हणा म्हणतो आणि माणूस अंगठा देऊन मोकळा होतो. एकदा मान्य केल्यावर चुकलेले क्षेत्र दुरुस्त करून घेणे कठीण जाते. २०२५ मध्ये ज्यांच्याकडे ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना या केवायसीतून सूट दिली गेली, त्यामुळे बराच वेळ वाचला. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि तेही ज्या बँकेत सर्वांत शेवटी जोडणी झाली त्या खात्यात. कित्येकांचे पैसे प्रत्यक्षात जमा झालेले असतात, पण कधीतरी कुठल्याशा योजनेसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात. ‘पैसे आले नाहीत’ म्हणून उपोषणाला बसण्याआधी आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते तपासावे. आणि बँकेने ही रक्कम थकीत कर्जात वळती करून घेतली, तर ते मान्य करू नये. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, ही सूचना सरकारच्या शासन निर्णयांत असते. शाखाधिकाऱ्याला तो शासन निर्णय दाखवावा, नाही ऐकले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे.

सामाईक खात्याचा गुंता वेगळाच. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी वारसनोंद झालेली नसते, चार भावांची नावे एका सातबारावर, त्यातला एक पुण्याला, एक सुरतेला. मदत एकाच्या खात्यात घ्यायची तर इतरांचे संमतीपत्र हवे. पुराच्या पंधरवड्यात हे कागद जमत नाहीत. सरकारने वारसनोंदींची मोहीम पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये गावोगाव राबवली तर सप्टेंबरमधली अर्धी रड कमी होईल. विधवांच्या बाबतीत हे अधिक तातडीचे आहे, कारण मराठवाड्यात आणि विदर्भात नवऱ्याच्या पश्चात शेती कसणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि सातबारावर सासऱ्याचे किंवा दिराचे नाव चालू असते.

जो कसतो त्याला मदत का मिळत नाही, हा या साऱ्यातला सर्वांत जुना प्रश्न. बटईने किंवा खंडाने शेत घेणाऱ्याने बियाणे टाकले, खत टाकले, फवारणीचे उधार अंगावर घेतले. पीक गेले ते त्याचे. पंचनामा मात्र सातबाराप्रमाणे, आणि पैसे मालकाच्या खात्यात. मालक समंजस असेल तर तो वाटा देतो. नसेल तर बटईदाराला कुठेच दाद नाही. केंद्राचे निकष ही मदत पेरणीच्या खर्चासाठी आहे असेच सांगतात. मग पेरणी ज्याने केली त्याला ती मिळणे हे निकषांशीच सुसंगत आहे. ओडिशाने आपल्या मदत आदेशांत जमीन कुणाच्याही मालकीची असो, प्रत्यक्ष कसणाऱ्याला पीकनुकसानीची मदत द्यायची अशी तरतूद केली आहे. तिथे अंमल सर्वत्र नीट होतो असा दावा कुणी करणार नाही, पण हक्क तरी कागदावर आहे. महाराष्ट्रात मालकाला भीती असते ती कूळ लागण्याची. म्हणून पंचनाम्यात ‘या हंगामात प्रत्यक्ष कसणारा’ असा रकाना ठेवून, ती नोंद कुळहक्कासाठी पुरावा धरली जाणार नाही असे त्याच शासन निर्णयात लिहावे. तोडगा अवघड नाही, इच्छा हवी. शहरांतल्या भाडेकरूंची आणि हातगाडीवाल्यांची गत याहून वेगळी नाही.

शहरांवरून कोकणाची आठवण होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. वाशिष्ठी ही भरती-ओहोटीची नदी. पाणी काही तासांत चढले, बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत गेले आणि ओहोटी लागली तसे उतरले. याउलट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि पाणी दिवसच्या दिवस शहरात राहिले. केंद्रीय निकषांत कपडे आणि भांड्यांसाठी मदत देताना घर दोन दिवसांहून अधिक काळ बुडालेले असावे, अशी अट आहे. कृष्णाकाठी ही अट सहज पूर्ण होते. चिपळूण आणि महाडात वस्तूंचा चुराडा एका रात्रीत होतो, पण घड्याळाने अट पूर्ण होत नाही. चिखलाने भरलेल्या फ्रिजला आणि वाहून गेलेल्या गादीला पाणी किती तास होते याने काय फरक पडतो? २०१९ मध्ये या दोन दिवसांच्या अटीवरून पश्चिम महाराष्ट्रातही संताप झाला होता. २०२१ मध्ये राज्याने ती शिथिल केली, कुटुंबाला कपडे आणि भांड्यांसाठी मिळून १०,००० रुपये आणि दुकानदारांना कमाल ५०,००० रुपये दिले. दुकानदारांसाठी केंद्राच्या निकषांत तरतूदच नाही, ती राज्याला आपल्या पैशातून करावी लागली. प्रत्येक पुरानंतर नव्याने शिथिल करावी लागते ती अट मुळातच चुकलेली असते. वेळेऐवजी पाण्याची उंची हा निकष धरावा. भिंतीवरची ओली रेघ आठवडाभर टिकते आणि कुणालाही मोजता येते.

पीक विमा आणि सरकारी मदत यांची गल्लतही दरवर्षी होते, म्हणून दोन वाक्ये. विमा हा कंपनीशी केलेला करार आहे, मदत हे सरकारचे कर्तव्य. एक मिळाले म्हणून दुसरे नाकारता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला, शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावरच ठरू लागली. पूर्वी पुराची सूचना ७२ तासांत द्यायची सवय शेतकऱ्यांनी मोठ्या कष्टाने लावून घेतली होती. ती स्थानिक आपत्तीची जोखीमच त्या वर्षी योजनेतून गेली. नेमक्या त्याच वर्षी महापूर आला. यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

एवढे सारे एका कागदावर अवलंबून असताना तो कागद आपद्ग्रस्ताच्या हातात नसतो, ही या व्यवस्थेतली मुख्य खोट आहे. पंचनामा होतो, सही किंवा अंगठा घेतला जातो आणि वही मिटते. नंतर खात्यात अपेक्षेपेक्षा कमी पैसे आले की काय लिहिले होते ते पाहायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, त्याला ३० दिवसांची मुदत. तोवर रब्बीची पेरणी होऊन जाते. हाच अंधार गैरव्यवहाराला आडोसा देतो. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या मदतीत बनावट लाभार्थी घुसवून कोट्यवधी रुपये वळवल्याचे २०२५ मध्ये उघड झाले आणि अनेक तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ज्या गावात प्रत्येक खातेदाराला आपल्या आणि शेजाऱ्याच्या शेताचा पंचनामा वाचता येतो, तिथे नसलेल्या जमिनीवर मदत उचलणे इतके सोपे राहत नाही. गावकऱ्यांची नजर ही कुठल्याही संगणकप्रणालीपेक्षा कडक असते.

म्हणून मागणी नेमकी हवी. पंचनामा ज्या क्षणी मोबाइल ॲपमध्ये भरला जातो, त्याच क्षणी त्याची प्रत खातेदाराच्या फोनवर जावी. फोन नसेल तर कागदावर मिळावी. गावची संपूर्ण यादी, अपात्र ठरलेल्यांची नावे आणि अपात्रतेचे कारण यांसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. हरकतीला सात दिवस मिळावेत आणि त्या ग्रामसभेत सर्वांसमक्ष ऐकल्या जाव्यात. नंतर पडलेल्या घरांसाठी आणि सुटलेल्या नावांसाठी पुरवणी पंचनाम्याची तारीख आधीच जाहीर असावी. केंद्राच्या निकषांत काय बदलावे, दोन दिवसांची अट, पूर्ण आणि अंशतः पडझडीमधली दरी, कसणाऱ्याचा हक्क, हे सोळाव्या वित्त आयोगाच्या २०२६ ते २०३१ या काळासाठी महाराष्ट्राने दिल्लीत ठामपणे मांडायचे आहे आणि त्याला वेळ लागेल. पंचनाम्याची प्रत देण्यासाठी मात्र दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही, जादा निधीचीही नाही. महसूल व वन विभागाचा एक शासन निर्णय त्याला पुरतो, आणि तो पुढच्या पावसाळ्याआधी निघायला हवा.